पंचनाम्यात ‘असावा’ चालत नाही

माझ्या पहिल्या छापील कथेत तीन चुका होत्या. त्या मला दिसल्या नाहीत, संपादकांनाही दिसल्या नाहीत. दिसल्या त्या सांगलीच्या गावभागात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त जमादारांना. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. त्यांनी त्या चुका बोट ठेवून दाखवल्या, म्हणून पुढची पस्तीस-चाळीस वर्षं मी रहस्यकथा लिहू शकले. हे देणं फिटणारं नाही. पण त्याची नोंद तरी करून ठेवायला हवी, असं आता सहासष्टाव्या वर्षी फार वाटतं.

माझं माहेर मिरजेचं. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. वडिलांचा डबा पोचवायला गेलं की पार्सलच्या फलाटावर रेंगाळायचं, हा माझा रोजचा नेम. पेंढ्यात गुंडाळलेल्या सतारी नि तंबोरे, विड्याच्या पानांचे ओलसर डाग, आणि पुण्या-मुंबईहून आलेले पुस्तकांचे, मासिकांचे गठ्ठे. स्टेशनच्या रस्त्याला एका खोलीत भाड्यानं पुस्तकं देणारे एक काका तो गठ्ठा सोडवून न्यायला यायचे. वडिलांची नि त्यांची दोस्ती, म्हणून मला तिथं भाडं नव्हतं. अर्नाळकरांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, धनंजय आणि छोटू मला तिथेच भेटले. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. पुस्तकं लहानखुरी, मुखपृष्ठं भडक. काका त्यांना खाकी कागदाचं कव्हर घालायचे आणि पाठीवर शाईनं नंबर टाकायचे. मुलीच्या जातीनं असलं वाचू नये, हे वाक्य त्यांनी मला एकदाही ऐकवलं नाही. उलट एखादं पुस्तक परत केलं की विचारायचे, “तुला कुठल्या पानावर कळलं?” मी पान सांगितलं की ते आपलं पान सांगायचे. वाचन म्हणजे लक्ष ठेवणं, हे मी त्या खोलीत शिकले. माझ्या हिशोबातलं पहिलं देणं त्या काकांचं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मराठी घेऊन एम. ए. केलं, तेव्हा एक हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेल्या बाबूराव अर्नाळकरांचं नाव आमच्या एकाही पेपरात नव्हतं. त्यांच्याआधी गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून ज्या अद्भुत, गुंतागुंतीच्या कादंबऱ्या रचल्या, त्यांना इतिहासाच्या पेपरात जेमतेम दोन ओळी मिळायच्या. मी भीत भीत एका सरांना म्हटलं, मला रहस्यकथा लिहून बघायची आहे. सर वाईट नव्हते, मनापासून शिकवायचे. ते म्हणाले, “तुझी भाषा चांगली आहे. ती असल्या लेखनात वाया घालवू नकोस.” ते वाक्य मी पाच-सहा वर्षं बरोबर वागवलं. त्या काळात कविता लिहिल्या, ललित लेख लिहिले, त्यातले काही छापूनही आले. पण ते वाचताना मलाच वाटायचं, हे दुसऱ्या कुणीही लिहिलं असतं.

१९८२ साली लग्न होऊन सांगलीला आले आणि एका शाळेत मराठी शिकवायला लागले. १९८५ साली आमच्या ओळखीच्या एका घरातली सून गेली. वय एकवीस. स्टोव्हचा भडका उडाला, असं सांगण्यात आलं. आम्ही भेटायला गेलो. घरात पंधरा-वीस माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता. पण तो कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही. त्या वर्षांत अशा बातम्या वर्तमानपत्रात इतक्या यायच्या की १९८३ साली कायद्यात ४९८-अ हे कलम घालावं लागलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. पण कायद्याच्याही आधी कुणीतरी विचारावं लागतं की स्वयंपाकघराचं दार बाहेरून कुणी लावलं. घरी परतले त्या रात्री मला उमगलं की मला रहस्यकथाच का लिहायची आहे. बाकीच्या साहित्यात माणसं सोसतात, आठवतात, समजून घेतात. रहस्यकथेत निदान एक माणूस असा असतो, जो तो प्रश्न मोठ्यानं विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत घरी जात नाही. मला तो माणूस लिहायचा होता.

पहिली कथा १९८६ च्या एका दिवाळी अंकात आली. वाड्यातले एक वृद्ध सावकार, आतून कडी लावलेली खोली, विझलेला कंदील आणि सदऱ्याचं एक तुटलेलं बटण. नाव माझं नव्हतं, माहेरची आद्याक्षरं घेऊन एक टोपणनाव केलं होतं. शाळेत कळलं तर काय, सासरी कळलं तर काय, ही भीती. पुढे वाचनात आलं की १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली तीही नाव बदलून. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असं नाव घेतलं होतं. त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव बघून नव्हे, तर कथा वाचून निकाल लागावा, हा त्यांचा हेतू होता. त्यांनी खात्री करून घेण्यासाठी नाव झाकलं होतं, मी भीतीपोटी. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी मी आडावर पाणी शेंदत होते. अण्णा कठड्याशी येऊन उभे राहिले. हातात तोच अंक, कुठल्या तरी केशकर्तनालयातून आणलेला.

“बाई, ही गोष्ट तुमची न्हवं?”

माझा हात दोरावरच थांबला. “कशावरून?”

“वाड्यात शिरताना डाव्या अंगाला आड. त्याला तीन पायऱ्या, मधली फुटल्याली. उंबऱ्यापाशी तळ गेल्याला रांजण. हे सगळं हितंच हाय की.” त्यांनी आमच्या रांजणाकडं बोट केलं. “कुणाला बोलत न्हाई मी. पर गोष्टीत तीन गफलती झाल्यात. सांगू का?”

अण्णा खानापूर तालुक्यातले. सातवीपर्यंत शिकलेले. १९५० साली पोलिसात भरती झाले तेव्हा या जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं; सांगली हे नाव १९६० साली मिळालं. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून १९८४ साली निवृत्त झाले. चौतीस वर्षांत त्यांनी किती पंचनामे लिहिले, याची मोजदाद त्यांच्याकडं नव्हती. गोष्टीच्या पुस्तकाला त्यांनी त्याआधी हात लावलेला नव्हता. रोजचं वर्तमानपत्र आणि चातुर्मासात पोथी, एवढंच त्यांचं वाचन. त्या दिवशी आडाच्या कठड्यावर बसून त्यांनी मला जे शिकवलं, ते मला कुठल्याच वर्गात मिळालं नव्हतं.

पहिली गफलत बटणाची. माझ्या गुप्तहेरानं जमिनीवरचं बटण उचललं आणि खिशात घातलं. “खिशात घातलं तिथंच केस मेली,” अण्णा म्हणाले. “दोन पंच बोलवायचं. वस्तू कुठं पडलीया, भिंतीपासनं किती लांब, हे त्यांच्या डोळ्यांदेखत लिवायचं. मग खाकी कागदात गुंडाळायची, सुतळी बांधायची, लाखेचा शिक्का मारायचा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत-भाईर लावायची. न्हाईतर ते बटण तुमच्या खिशातनं आलं का खोलीतनं, हे कोर्टाला कसं कळावं?”

दुसरी गफलत शेवटाची. माझा खुनी शेवटच्या पानावर फौजदारापुढं रडतो आणि सगळं कबूल करतो. अण्णा म्हणाले, “पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत न्हाई. कलम पंचवीस.” १८७२ च्या पुरावा कायद्यातलं ते कलम होतं. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग कलम २७ खाली धरता येतो, बाकीची कबुली गळून पडते. मी थक्क झाले. मी वाचलेल्या कितीतरी रहस्यकथा त्या एका कलमापुढं अर्ध्यावर येऊन थांबत होत्या.

तिसरी गफलत मात्र कायद्याची नव्हती. अण्णा म्हणाले, “खोलीला आतनं कडी. खुनी माळवदाच्या झरोक्यातनं गेला म्हणताय. ते पटलं. पर कंदील इझल्याला हाय नि त्यात तेल हाय. मग कंदील इझवला कुणी? अंधारात झरोका त्याला घावला कसा?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. कंदील विझलेला आहे हे वाक्य मी लिहिलं होतं, कारण ते वाचायला बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी मला काम दिलं. “तुमच्याच सैपाकघराचा पंचनामा लिवून आणा.” मी दोन पानं लिहून नेली. चतुःसीमा लिहिल्या: पूर्वेस खिडकी, पश्चिमेस माजघराचं दार. ओटा, पिंप, फडताळ, सगळं लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: ओट्यावर दूध उतू गेलं असावं. अण्णांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढली.

“असावं कशावरनं?”

“ओट्यावर डाग होता.”

“मग डाग लिवा. केवढा, कुठं, वाळल्याला का ओला. दूध उतू गेलं का मांजरानं सांडलं, हे तपासात ठरंल. पंचनाम्यात ‘असावा’ चालत न्हाई, बाई.”

पिंपाचं झाकण उघडं होतं की बंद, हे मी लिहिलं नव्हतं. खिडकीला गज किती, हे लिहिलं नव्हतं. फडताळाच्या तिसऱ्या कप्प्यात काय आहे हे मला आठवतच नव्हतं, आणि त्या स्वयंपाकघरात मी चार वर्षं रोज राबत होते. त्या दोन पानांवर तांबड्या पेन्सिलीच्या सतरा खुणा झाल्या. मराठीची पदवी, पदव्युत्तर पदवी, चार वर्षांची शिक्षकी, सगळं असूनही मला घर बघता येत नव्हतं. अण्णांना मी रहस्यकथा लिहिते याचं वाईट वाटलं नव्हतं, कौतुकही वाटलं नव्हतं. मी काम नीट करत नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं होतं. माझ्या लेखनाला कुणी काम समजलं, ही ती पहिली वेळ.

मग मी लिहीत गेले, आणि टोपणनाव फार दिवस टिकलं नाही. प्रतिक्रिया तर येतच गेल्या. शिक्षकांच्या खोलीत एक जण म्हणाल्या, “मुलांना ज्ञानेश्वरी शिकवायची आणि घरी जाऊन खून पाडायचे, कसं जमतं हो बाई?” नातेवाइकांत एका काकांनी यजमानांना बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते आमचं गाव. नाटक नि कवितेला तिथं मान आहे, आणि तो असायलाच हवा. पण एका साहित्य मेळाव्यात माझी ओळख करून देताना निवेदक म्हणाले, “बाई विरंगुळ्याचं लिहितात.” अध्यक्षांनी पुढं जोडलं की रहस्यकथा एकदा कळली की रद्दीत जाते. सभागृह हसलं. मी घरी येऊन दोन दिवस लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पंचनामा बी केस संपली की कपाटातच जातोय. म्हणून तो कसातरी लिवायचा असतोय व्हय?”

सासूबाईंची प्रतिक्रिया वेगळीच. त्या कधी माझ्यासमोर वाचत नसत. लेखनाबद्दल वाईट बोलल्या नाहीत, चांगलंही नाही. एके रात्री अकराच्या सुमारास माझ्या खोलीचं दार वाजलं. त्या पदर सावरत उभ्या होत्या. “एवढंच सांग. त्या बाईनं बाहेर उभं राहून आतली कडी लावली कशी? झोप येईना मला.” मी एका दोऱ्यानं त्यांना आमच्याच दाराला कडी लावून दाखवली. त्यांनी स्वतः दोनदा करून बघितली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भजनाच्या बायकांसमोर त्या पहिल्यांदा म्हणाल्या, “आमची सून लिहिते.” काय लिहिते ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही ते ऐकायचं नव्हतं.

अण्णांनी मला ‘तू’ म्हणायला सुरुवात केली ती १९९१ साली. त्याला एक प्रकरण कारण झालं. एका संध्याकाळी त्यांनी आपणहून त्यांच्या नोकरीतली एक हकिगत सांगितली. गावाचं नाव त्यांनी मला सांगितलं होतं, मी ते कधीच कुठे लिहिलं नाही. लग्न होऊन दोन वर्षं झालेली मुलगी, स्टोव्हचा भडका, अकस्मात मृत्यूची नोंद. पंचनामा अण्णांनी लिहिला. स्टोव्हची टाकी शाबूत, काठोकाठ भरलेली, पिन जागेवर, बर्नर थंड, शेजारी कणीक मळलेली परात झाकून ठेवलेली. हे सगळं त्यांनी एकही ‘असावा’ न घालता उतरवलं. पंचांनी सह्या केल्या. पण कोर्टात दोन्ही पंच फितूर झाले; आम्ही काही बघितलं नाही, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, म्हणाले. आरोपी सुटले. “माझं लिवणं खरं होतं,” अण्णा म्हणाले, “पर त्याच्या मागं उभं ऱ्हायला माणूस न्हवता.”

मला वाटलं, हीच माझी गोष्ट. सहा वर्षांपूर्वी त्या घरात मी जो प्रश्न विचारला नव्हता, तो आता विचारता येणार होता. आठ दिवसांत कथा लिहिली आणि अण्णांना दिली. त्यांनी चार पानं वाचली आणि कागद माझ्या हातात परत ठेवले. तांबडी पेन्सिल काढलीच नाही.

“चूक न्हाई काय ह्यात. पर हे मयत कुणाचं तरी हाय, पोरी. तिची आई हाय अजून. तीन वर्सं कोर्टात हेलपाटं घातलं तिनं. तू छापशील, लोक पुन्हा तिच्या दारात जातील. आधी तिला इचार. हो म्हणाली तर छाप.”

अण्णा बरोबर आले. एस. टी.नं दीड तास आणि पुढे दोन मैल चालत. त्या माऊलीनं अण्णांना ओळखलं आणि रडायला लागली. मी कसंबसं सांगितलं की मी गोष्टी लिहिते, खुनाच्या गोष्टी, आणि तुमच्या मुलीची गोष्ट लिहिली आहे, नावं बदलून. तिनं चहा केला. आम्ही प्यायलो. निघताना ती म्हणाली, “लिवा. पर तिला जळताना दावू नका.”

मी घरी येऊन ती कथा पुन्हा लिहिली. ज्वाळा काढल्या, किंकाळी काढली, चादरीखालचा देह काढला. उरलं ते स्वयंपाकघर. भरलेली टाकी, जागेवरची पिन आणि झाकून ठेवलेली कणीक. नावं, गाव, घर, जात-पात, पीकपाणी सगळं बदललं. छापून आल्यावर लोक म्हणाले की ती कणकेची परात डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यानंतर मी कधीही मरण लिहिलेलं नाही. माझ्या पुस्तकांत माणूस मेलेला सापडतो, मरताना दिसत नाही. आणि प्रत्येक पुस्तकात एक प्रकरण त्या मयताची वाट बघणाऱ्या माणसाला देते. समीक्षकांनी याला माझी शैली म्हटलं. ती एका आईची अट आहे, आणि तिच्यापर्यंत मला नेणाऱ्या माणसाची शिस्त आहे.

वाचकांचंही देणं आहे. सगळ्यांत जपून ठेवलेलं पत्र एका बाईंचं. त्यांचा मुलगा मिरजेच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात होता. मिरजेतल्या दवाखान्यांच्या बाहेर रात्रभर बसलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते चित्र माहीत आहे: चादर, डबा, पाण्याची बाटली आणि दाराकडे लागलेले डोळे. त्या बाईंनी लिहिलं होतं, “सहा रात्री काढायच्या होत्या. पोथी हातात धरली की रडू यायचं. तुमचं पुस्तक कुणीतरी बाकावर ठेवून गेलं होतं. खुनी कोण ते शोधताना दोन रात्री गेल्या. मुलगा आता बरा आहे.” विरंगुळा हा शब्द त्या मेळाव्यात मला खाली बघायला लावणारा वाटला होता. हे पत्र आलं तेव्हा कळलं की एखाद्याची रात्र पार पाडून देणं हे लेखनाचं फार जुनं काम आहे. आपल्याकडच्या आज्या तेच करत आल्या.

काळ बदलला, हेही कबूल केलं पाहिजे. शिरवळकर २००३ साली गेले. दहा वर्षांनी त्यांच्या ‘दुनियादारी’वर चित्रपट आला आणि मुलं त्यांची पुस्तकं शोधत फिरू लागली. ‘तुंबाड’ २०१८ साली आला आणि नारायण धारपांचं नाव नव्या पिढीच्या तोंडी आलं. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, तेव्हा मी एकटीच उठून देवापुढं साखर ठेवली. १९७४ साली नाव बदलून आलेली कथा संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत पोचली होती. मे २०२५ मध्ये तेही गेले.

अण्णा २००३ सालच्या पावसाळ्यात गेले, सत्त्याहत्तराव्या वर्षी. शेवटच्या दिवसांत दिसत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवायची. बोट वर झालं की थांबायचं. मी एका ठिकाणी वाचलं की बाई घाबरलेली दिसत होती. बोट वर झालं. “घाबरल्याली कशावरनं?” मी वाक्य बदललं: बाईनं कपबशी दोन्ही हातांनी धरली होती. बोट खाली आलं. ते त्यांनी तपासलेलं माझं शेवटचं वाक्य.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभाग बुडाला. आम्ही रात्री घर सोडलं. मुलगा ओरडत होता, कागदपत्रं घे, दागिने घे. मी फडताळातून एक प्लास्टिकची पिशवी घेतली. तिच्यात रेशनकार्ड होतं, घराचे कागद होते आणि ती दोन पानं होती. माझ्या स्वयंपाकघराचा पंचनामा, सतरा तांबड्या खुणांसह. पहिल्या आवृत्त्या, हस्तलिखितं, वाचकांची पत्रं, कितीतरी गेलं. दवाखान्याबाहेरच्या बाईंचं पत्र तेवढं वाचलं, कारण ते नेहमी माझ्या पर्समध्ये असतं.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. चालू कादंबरीसाठी मी ते वाचायला घेतले. झडती आणि जप्तीचं आता ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, असं म्हणणं पंचांना आता अवघड जाईल. कलम २५ चं आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ झालं आहे, आशय तोच. वाचता वाचता मी उठून दारापर्यंत गेले, शेजारी सांगायला. मग आठवलं.

शाळेतून २०१७ साली निवृत्त झाल्यापासून माझ्याकडं लिहिणारी मुलं येतात. कुणी भयकथा लिहितं, कुणी विज्ञानकथा, कुणी राक्षस नि चेटकिणींच्या जगातल्या कादंबऱ्या. बरोबर बहुतेक एक दुखावलेलं वाक्य घेऊन येतात: घरचे म्हणाले, सर म्हणाले, मित्र हसले. मी त्यांना धीर देत बसत नाही. कागद मागते, तांबडी पेन्सिल काढते आणि वाचायला लागते. अण्णांनी मला हेच दिलं होतं.

तुमच्याकडंही कधी कुणी असं पहिलं लिखाण घेऊन येईल. ते कुठल्या प्रकारचं आहे, हे विचारू नका. तो प्रकार का निवडला, हेही विचारू नका. शेवटपर्यंत वाचा, आणि कंदील कुणी विझवला हे कळलं नाही, तर तेवढं मात्र नक्की विचारा.